गवारे सरांचे बारा वाघमासे

मी सव्वीस वर्षं मासे विकले आणि त्यातला एकही कुणी खाल्ला नाही. निदान माझ्या माहितीत तरी नाही. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं, कारण श्रीरामपुरात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुकान उघडलं त्याच आठवड्यात एक गृहस्थ पिशवी घेऊन आले आणि 'साफ करून देता का' म्हणून विचारू लागले. समोरच्या टाक्यांमध्ये करंगळीएवढे रंगीत मासे फिरत होते. गृहस्थांनी वाकून नीट पाहिलं, एवढ्याशाचं कालवण कसं व्हायचं असं स्वतःशीच म्हणाले, आणि तुमचा धंदा काही चालणार नाही असं मला सांगून गेले.

धंदा सुरू झाला तोही ठरवून नव्हे. माझे यजमान एस.टी.च्या डेपोत होते. त्यांच्या एका मित्राची बदली झाली आणि तो जाताना काचेची टाकी आमच्याकडे ठेवून गेला. त्यात चार गप्पी मासे होते. गप्पी किती भराभर वाढतात याची तेव्हा कल्पना नव्हती. सहा महिन्यांत बादल्या, पातेली, पिंप, सगळं माशांनी भरलं. स्वयंपाकाला भांडं उरेना तेव्हा मी ते विकायला काढले. आता दुकान सूनबाई बघते आणि मी गल्ल्यामागच्या खुर्चीत बसून तिच्या कामात लक्ष घालते. तिला ते फारसं आवडत नाही.

बाहेरच्यांना वाटतं आम्ही मासे विकतो. खरं म्हणजे आमचं सगळं काम पाण्याचं. नळाचं पाणी तसंच ओतलं तर त्यातल्या औषधानं मासे मरतात, म्हणून ते मुरवावं लागतं. नवी टाकी आणली की त्यात फिल्टर चालू ठेवून काही आठवडे नुसतं पाणी फिरवायचं, म्हणजे घाण पचवणारे चांगले जंतू तयार होतात आणि मग मासे सोडायचे. हे मी हजारदा सांगितलं असेल. लोक ऐकून घेतात, मान डोलावतात आणि म्हणतात, 'पण वास्तुशांत उद्या आहे.' दुसरी गोष्ट दाण्यांची. उपाशी राहून मेलेला मासा मी आजवर पाहिला नाही. घरातल्या पाच जणांनी पाचदा प्रेमानं खाऊ घातलेले मात्र खूप पाहिले.

गिऱ्हाइकं एकेक. कोपरगावच्या एका बंगल्यात सोफ्याला शोभतील असे केशरी मासे हवे होते. दिले. वर्षभरानं त्यांचा फोन आला की सोफ्याचं कापड बदलून निळं केलंय, मासे बदलून मिळतील का. पण कुणी विचारलं की एवढ्या वर्षांत लक्षात राहिलेलं गिऱ्हाईक कोणतं, तर माझ्या तोंडून एकच नाव येतं, गवारे सर.

गवारे सर एका शाळेत पी.टी.चे मास्तर होते. उंच, ताठ, आवाज असा की पलीकडच्या गल्लीतली सायकल थांबावी. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन नाशिकला आणि घरात सर आणि सुमनवहिनी दोघंच. एके दिवशी वहिनी दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "ताई, मला काहीतरी पळणारं द्या. आमचे हे दिवसभर भिंतीकडं बघत बसतात. निदान भिंतीपुढं काहीतरी हलेल."

मी त्यांना टायगर बार्ब दाखवले. आमच्याकडे त्यांना वाघमासे म्हणतात. दोन-अडीच इंचांचा पिवळसर मासा, अंगावर चार काळे उभे पट्टे, पंखांना लाल कडा. हा एका जागी थांबतच नाही. सतत घोळक्यानं फिरणार, एकमेकांच्या मागे लागणार. फक्त एक अट, घोळका हवा. आठ तरी पाहिजेत, दहा-बारा असले तर उत्तम. घोळक्यात असले की त्यांच्या मारामाऱ्या आपापसांत चालतात आणि कुणाला फारसं लागत नाही. दोन-तीनच ठेवले तर मात्र खरा छळ सुरू होतो.

वहिनींना पटलं. तीन फुटी टाकी घरी गेली, पाणी महिनाभर फिरलं, हीटर बसला, कारण आपल्याकडची थंडी त्या माशांना सोसत नाही. मग मासे न्यायला सर स्वतः आले. म्हणाले, दोन द्या. मी आठाचं गणित सांगितलं. सरांनी हात मागे बांधून ऐकून घेतलं आणि सांगितलं की चौतीस वर्षं त्यांनी पोरं सांभाळली आहेत, संख्या वाढली की शिस्त बिघडते, आधी दोन तयार करतो, मग पुढची भरती. मी दोन दिले. तिथंच मी ठाम राहायला हवं होतं. पण त्यांच्यापुढे उभं राहिलं की आपला शर्ट खोचलेला नाही असं वाटायला लागायचं, आणि मी तर साडीत होते.

आठवड्यानं मी टाकी बघायला गेले तर टाकीत एकच मासा. दुसरा लोणच्याच्या रिकाम्या बरणीत, आणि बरणीवर कागद चिकटवलेला: 'तीन दिवस निलंबित.' त्यानं पहिल्याच्या शेपटीचा लचका तोडला होता. मी सरांना सांगितलं की माशाला निलंबन कळत नाही. सर म्हणाले, पोरांनाही कळायचं नाही, पण बाकीच्यांना कळतं. बाकीचा एकच होता आणि तो टाकीच्या कोपऱ्यात हीटरमागे लपून बसला होता.

याच सुमाराला माझ्या हातून दुसरी चूक झाली, आणि ती मला आजही लागते. सर गावाला गेलेले असताना वहिनी पुन्हा दुकानात आल्या. म्हणाल्या, तो वाघ एकटा पडलाय, त्याला सोबत म्हणून एखादा शांत मासा द्या. त्यांची नजर एंजल माशावर गेली. पांढराशुभ्र, पातळ, वर-खाली पदरासारखे लांब पंख, चाल एकदम सावकाश. वहिनी त्याच्यापुढून हलेनात. लांब पंखांचा मासा वाघमाशांत सोडायचा नाही हे आमच्या धंद्यातलं अगदी प्राथमिक ज्ञान. मला ते माहीत होतं. पण त्या बाई इतक्या खूश दिसत होत्या की माझी जीभ रेटली नाही. दिला. त्यांनी त्याचं नाव गौरी ठेवलं.

चौथ्या दिवशी गौरीचा पदर फाटला. बरणीतला कैदी तोवर शिक्षा भोगून परत आला होता आणि दोघं वाघ आपसातलं भांडण विसरून एकजुटीनं तिच्या मागे लागले होते. वहिनींनी फोन करून मला लगेच बोलावलं. मी स्कूटर काढली. गौरीला वेगळी छोटी टाकी दिली, ती स्वयंपाकघरात ओट्याच्या कडेला ठेवली, पाण्यात थोडं मीठ घातलं आणि पंख पुन्हा येतात असं वचन दिलं. येतात खरंच, दीड-दोन महिन्यांत येतात. पण तेवढे दिवस वहिनी सरांशी बोलल्या नाहीत. दोन मासे त्यांनी नीट सांभाळले नाहीत एवढाच त्यांचा आरोप होता. माझा आरोप मी मनातच ठेवला.

त्या दिवशी निघताना, गावाहून परतलेल्या सरांना मी एकच विचारलं. "सर, दोन पोरांची कधी कवायत घेतलीत का?"

सरांनी टाकीतले दोन मासे बोटानं मोजले. मग म्हणाले, "बाई, अजून दहा द्या."

बारा वाघमासे झाले आणि टाकी एकदम बदलली. कुणी कुणाला निवांत चावायला मोकळाच राहिला नाही. बाराही जण एका दिशेनं निघायचे, काचेपाशी पोचले की एकदम वळायचे आणि परत. सरांनी ते पाहिलं मात्र, आणि त्यांच्या पाठीचा कणा आणखी दोन इंच वर गेला. दुसऱ्या दिवशी कपाटातून पितळी शिट्टी निघाली आणि मैदानावरची जुनी पांढरी टोपीही निघाली.

सकाळी आठला सर टोपी घालून टाकीपुढे उभे राहायचे. एक शिट्टी: सगळे समोर. मग सर शिट्टी वाजवत डावीकडे चालत जायचे, मासे डावीकडे. तसेच वाजवत उजवीकडे, मासे उजवीकडे. शेवटी दाणे. शिट्टी नुसती आठलाच वाजायची असंही नाही. माशांनी मस्ती केली की वाजायची, दूधवाल्याला उशीर झाला की वाजायची, टीव्हीवर कुणी चुकीचं बोललं तरी वाजायची. वहिनींनी अबोला सोडला तो हे सांगण्यासाठीच, की मला भिंतीकडे बघणारा माणूस परत पाहिजे.

एकदा सकाळी सहाला सरांचा फोन आला. आवाज दबलेला. म्हणाले, मासे डोकं खाली आणि शेपटी वर करून उभे आहेत, बाराच्या बारा, आणि हा प्रकार मी शिकवलेला नाही. मी सांगितलं की वाघमासे झोपतात तेव्हा असेच तिरके लटकतात, दिवा लावला की सरळ होतील.  मग सरांनी विचारलं की शीर्षासन करून झोपणाऱ्याला सकाळी आणखी व्यायाम द्यावा की नको.

अशा रीतीनं सगळं छान चाललं होतं आणि मीच एक गोष्ट पाहिली. हिवाळ्यातली सकाळ होती. मी पाणी बदलायला गेले होते. स्कूटरवर येताना डोक्याला पांढरा स्कार्फ गुंडाळलेला, तो काढायचा राहिला होता. मी टाकीपाशी वाकले आणि बाराही मासे धावत काचेला येऊन चिकटले. मी डावीकडे सरकले, तेही सरकले. मी उजवीकडे गेले, तेही आले. सर बाथरूममध्ये होते. शिट्टी खुंटीवर होती. मी स्कार्फ सोडला आणि पुन्हा वाकले. एकही आला नाही.

माशांना शिट्टीशी काहीही देणंघेणं नव्हतं. टोपी तेवढी दाणे देतानाच डोक्यावर असायची. पांढरं डोकं दिसलं की खायला मिळतं, एवढाच त्यांचा अभ्यास होता.

मी वळले तर दारात वहिनी उभ्या. त्यांच्या केसांना पांढरा टॉवेल गुंडाळलेला. त्या हळूच म्हणाल्या, "मला न्हायल्यावर कळलं. त्यांना सांगू नका."

मी सांगितलं नाही. मी धंदेवाईक बाई, गिऱ्हाइकाला माशाबद्दल खरं सांगणं हे माझं काम. पण तो माणूस पहाटे उठून दाढी करून माशांसाठी तयार होत होता. मी स्कार्फ पिशवीत टाकला आणि पुढे त्या घरी जाताना काळा बांधायला लागले.

हे असंच राहिलं असतं. पण गल्लीत समोरच साळवे सर राहत. साळवे सर त्याच शाळेत विज्ञान शिकवायचे. बारीक चणीचे, मृदू बोलणारे, रविवारी न चुकता चर्चला जाणारे. दोघांचं भांडण म्हणावं असं नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. कारण जुनं. सव्वीस जानेवारीच्या संचलनासाठी गवारे सर दर वर्षी महिनाभर आठवीची मुलं मैदानावर न्यायचे आणि ती नेमकी विज्ञानाच्या तासाला न्यायचे. साळवे सर मुख्याध्यापकांकडे जाऊन थकले. शेवटी रिकाम्या वर्गात फळ्यावर आकृती काढून ठेवायचे, निदान कुणी येऊन बघेल म्हणून.

तर या साळवे सरांनी रोजची शिट्टी ऐकून एक दिवस फाटकातून विचारलं की हे काय चाललंय. गवारे सरांनी अभिमानानं सांगितलं. साळवे सर हसले आणि म्हणाले की माशाला कान नसतो. गवारे सर म्हणाले, माझ्या माशांना असतो. बोलणं वाढत गेलं. पुढच्या महिन्यात गवारे सरांची पंच्याहत्तरी होती, जुने विद्यार्थी घरी जमणार होते. ठरलं असं, की सगळ्यांसमोर मासे शिट्टीवर हलले तर साळवे सरांनी गवारे सरांना कडक सलाम ठोकायचा. नाही हलले तर गवारे सरांनी साळवे सरांची त्या सगळ्या तासांबद्दल माफी मागायची. तज्ज्ञ म्हणून मी हजर राहायचं.

मला जेवण गोड लागेना. मी वहिनींना गाठलं. त्या अगदी शांत होत्या. म्हणाल्या, टोपी धुऊन इस्त्री करून ठेवलीय, ते टोपी घालणारच, तुम्ही कशाला काळजी करता.

कार्यक्रमाला पस्तीस-चाळीस जण आले. सगळे पन्नाशीच्या आसपासचे, कुणी शेतकरी, कुणी कारखान्यात, कुणी वकील. पण गवारे सरांनी नजर टाकली की प्रत्येक जण पोट आत घेत होता. प्रमुख पाहुणे भाऊसाहेब, तेही सरांचेच विद्यार्थी. पंचक्रोशीतलं वजनदार माणूस, पांढरा सदरा, पांढरी टोपी. स्वयंपाकघरातून मसालेभाताचा वास येत होता. गौरी ओट्यावर, पूर्ण पंखांनिशी, पाहुण्यांकडे पाठ करून उभी होती.

आणि विद्यार्थ्यांनी सरांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, आणि फेटा. भला मोठा भगवा फेटा, बांधणारा खास संगमनेरहून आणलेला. त्यानं पाच मिनिटं खपून तो सरांच्या डोक्यावर चढवला आणि तुरा काढला. वहिनी इस्त्रीची टोपी हातात घेऊन दारात आल्या आणि तिथेच थिजल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे होऊन म्हणाले की सर, फेटा जरा जड होईल, टोपी घाला. फेटेवाला दुखावला. म्हणाला, "बाई, लई मेहनत हाय ह्यात. उतरला तर पुन्हा असा बसायचा न्हाई." सर म्हणाले, राहू दे, आज मानाचा दिवस आहे.

टाकीभोवती सगळे गोळा झाले. मोबाईल वर झाले. साळवे सर खुर्चीत बसले होते, गुडघ्यावर हात ठेवून. गवारे सरांनी शिट्टी तोंडात घेतली आणि वाजवली.

बाराही वाघमासे टाकीतल्या मागच्या झाडांमध्ये घुसले.

भगवं, हलणारं, तुरेवालं असं काहीतरी प्रचंड त्यांच्यावर वाकलं होतं. मीही मासा असते तर तेच केलं असतं. सरांनी दुसऱ्यांदा वाजवली. तिसऱ्यांदा वाजवली. झाडांमधून एक नाक बाहेर आलं आणि परत गेलं. सरांच्या मानेवर घाम आला. कुणी हसलं नाही. 

तेव्हा भाऊसाहेब पुढे आले. सरांची त्यांना दया आली असावी. मासे कुठं गेले बघू, म्हणत ते टाकीवर वाकले, पांढऱ्या टोपीसकट.

बाराच्या बारा मासे झाडांमधून सुटले आणि त्यांच्या नाकासमोर येऊन थडकले. भाऊसाहेब दचकून डावीकडे झाले. मासे डावीकडे. उजवीकडे झाले. मासे उजवीकडे. भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं. त्यांनी मागे वळून सगळ्यांना सांगितलं, "लई हुशार हायेत. मानूस वळखत्यात."

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. भाऊसाहेबांनी मान तुकवून त्या स्वीकारल्या, आणि मासेही त्यांच्याबरोबर खाली वाकले.

साळवे सर खुर्चीतून उठले. भाऊसाहेबांना म्हणाले, जरा टोपी काढ. काढली. मासे पांगले. घाल. घातली. मासे आले. हे त्यांनी तीनदा करून पाहिलं. मग ते माझ्याकडे वळले. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, तपासणीसाची चिकाटी होती.

"मॅडम, तुम्ही तज्ज्ञ. शिट्टी की टोपी?"

गवारे सर माझ्याकडे पाहत होते. फेटा एका बाजूला कलला होता. मागे दारात वहिनी. मला गौरी दिली तो दिवस आठवला, बाई खूश दिसली म्हणून गप्प बसले होते तो.

"टोपी," मी म्हणाले. "शिट्टीचा काही संबंध नाही. मला हिवाळ्यापासून माहीत आहे."

सरांनी फेटा दोन्ही हातांनी उचलून काढला आणि टेबलावर ठेवला. केस विस्कटलेले, कपाळावर फेट्याचा वळ. ते साळवे सरांपुढे जाऊन सावधान उभे राहिले. मी हा माणूस घरात, दुकानात, रस्त्यात पाहिला होता, पण एवढा लहान झालेला कधी पाहिला नव्हता.

"साळवे सर," ते म्हणाले, "मी तुमचे तास घेतले. चूक झाली."

 साळवे सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग म्हणाले, "माफी राहू द्या. तास परत द्या."

आधी कुणाला कळलंच नाही. मग गवारे सरांना कळलं. ते गर्रकन वळले आणि त्या जुन्या आवाजात त्यांनी हुकूम सोडला. पन्नाशीतले चाळीसेक पुरुष आणि बायका दिवाणखान्याच्या फरशीवर मांडी घालून बसले. भाऊसाहेबांना खुर्ची दिली होती, तीही काढून घेतली. वहिनींच्या दुधाच्या हिशेबाची पाटी फळा म्हणून आली. गवारे सर स्वतः पहिल्या रांगेत बसले, हाताची घडी घालून.

साळवे सरांनी पूर्ण पस्तीस मिनिटं माशाचं शरीर शिकवलं. आतापर्यंत इतकं मन लावून मीही काही ऐकलं नव्हतं. मध्येच ते थांबले आणि म्हणाले की मला एक कबूल करायचंय. परवा वाचनालयात जाऊन पाहिलं, माशाला कान असतो, फक्त तो आत असतो, आणि या रोहू-कटल्याच्या कुळातल्या माशांना तर चांगलंच ऐकू येतं. म्हणजे कान नसतो असं मी म्हणालो ते चूक होतं.

पहिल्या रांगेत हात वर गेला. गवारे सरांचा.

"मग त्यांना शिट्टी ऐकू येत होती?"

साळवे सर म्हणाले, हवेतला आवाज पाण्यात फार शिरत नाही, पण शिट्टी थोडीफार ऐकू येत असणार. मात्र तुम्ही ती दिवसभर वाजवता, म्हणून तिला काही अर्थ उरला नाही. "ऐकू येत होती. ते ऐकत नव्हते."

गवारे सरांनी विचार केला. "म्हणजे आठवी ब," ते म्हणाले.

मग मात्र सगळं घर हसलं. आठवी ब मधले सहा जण तिथं होते, त्यातले एक भाऊसाहेब. त्यांना नंतर माशाच्या श्वसनावर प्रश्न विचारला गेला आणि ते उत्तर देऊ शकले नाहीत. कल्ले हा शब्द त्यांना शेजारच्या वकिलानं हळूच सांगितला, तो साळवे सरांनी पकडला. मसालेभात थंड झाला, पण कुणी तक्रार केली नाही.

मी निघताना सर फाटकापर्यंत आले. मी स्कूटर चालू केल्यावर म्हणाले, शुक्रवारी पाणी बदलायचंय. एवढंच. मला वाटलं, बदलून झालं की सांगतील, उद्यापासून येऊ नका. सांगितलं असतं तरी मी तक्रार केली नसती.

शुक्रवारी गेले तर टाकीपुढे दोन खुर्च्या. एकीवर गवारे सर, दुसरीवर साळवे सर. साळवे सरांच्या मांडीवर वही, त्यात रेघा मारून रकाने केलेले. जमिनीवर टोप्यांचा ढीग: लाल, हिरवी, माकडटोपी, एक बाळाचं कुंचडं, वहिनींची चाळणीसुद्धा. रंगामुळे मासे येतात की आकारामुळे, यावर दोघांचं सकाळपासून वाजलं होतं. गवारे सर रंगाच्या बाजूचे, साळवे सर आकाराच्या. वहिनी चहा घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या की तिसरा चहा आहे, आणि घरी जायचं नाव नाही.

मला आत घेतलंच नाही. त्या दिवशी स्कार्फऐवजी घातलेलं निळं हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून दारात उभं राहायला सांगितलं. मग तीन पावलं पुढे. मग वाका. मी वाकले. ज्या माशांना मी कुठून कुठून मागवून आणलं, चार महिने माझ्या हातानं पाणी बदललं, आजारपणात औषध दिलं, ते बारा वाघमासे माझ्याकडे बघून न बघितल्यासारखे पुढे निघून गेले.

साळवे सरांनी पेन्सिल ओली केली आणि वहीत लिहिलं. ती वही मी नंतर पाहिली. एकोणिसावी नोंद आहे: 'निळं हेल्मेट, मासेवाल्या बाई. परिणाम शून्य.'